कंट्रोलचा गहू

पुढच्या शतकातली माणसं जेव्हा जेवायला बसतील, तेव्हा त्यांच्या पानातल्या प्रत्येक घासामागे ज्या मोजक्या लोकांची तपश्चर्या असेल त्यांत तिचंही नाव आदराने घेतलं जाईल, असं सहा देशांच्या कृषी-हवामान सहयोगाच्या समारोपाच्या सभेत जाहीर करण्यात आलं. जाहीर झालं तेव्हा संस्थेच्या सभागृहातला आवाज बंद होता. पडद्यावर समन्वयकाचे ओठ हलत होते, त्याच्या मागच्या खिडकीत कुठल्या तरी थंड देशातलं झाड हलत होतं, आणि तंत्रज्ञ टेबलाखाली शिरून "ही नाही, ही पण नाही" असं वायरींशी बोलत होता. मग कुठेतरी खुट् झालं, आवाज आला आणि भाषणाचं शेपूट तेवढं तिच्या कानावर पडलं, "...आणि खास आभार आमच्या सहाव्या केंद्राचे. इतकी वर्षं, इतक्या निष्ठेने, काहीही न केल्याबद्दल."

पडद्यावरच्या चौकटींमधून टाळ्या वाजल्या. तिच्या शेजारी बसलेल्या मोठ्या साहेबांनीही वाजवल्या. कशासाठी ते न कळता टाळ्या वाजवण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता. तिने मान किंचित झुकवून हसून घेतलं. वाक्य बरोबर होतं. शास्त्राच्या दृष्टीने त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे करण्यासारखं नव्हतं. समन्वयक मनापासून बोलत होता, तो नेहमीच मनापासून बोलायचा, म्हणून तर त्याच्याशी भांडता येत नसे. आणि तरीही जेवता जेवता दाताखाली खडा यावा आणि चारचौघांत तो काढताही येऊ नये, तसं ते वाक्य तिच्या तोंडात राहिलं. जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाऊ लागली. काहीही न केल्याबद्दल. वातानुकूलन यंत्रातून गळणारं पाणी कोपऱ्यातल्या बादलीत ठिबकत होतं. काही न करण्याचीसुद्धा निष्ठा असते, तिला वर्षं लागतात, आणि शेवटी तिच्यासाठी टाळ्या वाजतात. हे एखाद्या स्मशानातल्या पाटीवर शोभलं असतं, असं तिला वाटून गेलं आणि मग असं वाटल्याची लाज वाटली, कारण समोर सगळे अजून हसत होते.

सहयोगाची रचना सोपी होती. सहा देशांतल्या सहा केंद्रांवर एकच गहू पेरायचा. तोही मुद्दाम सरमिसळ, जुन्या अनेक वाणांचं बी एकत्र केलेला, ज्यात एक रोप दुसऱ्यासारखं नाही. दाणा भरायच्या दिवसांत उष्णता वाढत चालली होती, ती सगळीकडेच वाढत होती. तिला तोंड कसं द्यायचं याचा प्रत्येक केंद्राने एक उपाय करून बघायचा. एकाने शेतावर जाळ्यांची सावली धरली, एकाने मुळाशी थेंब थेंब पाणी दिलं, एकाने पेरणी अलीकडे ओढली, एकाने ओलावा धरणारा पेंढा पसरला, एका केंद्रावरची बाई शेतकऱ्यांना रोज सकाळी फोनवर सल्ला पाठवायची. इतक्या वर्षांत तिच्या मनात त्यांची नावंही तीच पडून गेली होती : सावलीवाला, पाणीवाला, घाईवाला, पेंढेवाली, सल्लावाली. सहाव्या केंद्राने काहीच करायचं नव्हतं. तिथे गहू पेरायचा, एकदा उगवला की त्याला त्याच्या नशिबावर सोडायचा आणि काय होतं ते बघायचं. कारण कुणाला तरी काहीच मिळालं नाही, तरच ज्यांना मिळालं त्यांना किती मिळालं ते कळतं. ही गोष्ट तिला समजवावी लागली नव्हती. तिच्या माहेरी दोन मुली होत्या, ती आणि धाकटी बहीण. धाकटीवर सगळे उपाय झाले. चांगली शाळा, गाण्याचा वर्ग, दातांना तार, परदेशातलं शिक्षण. थोरली तुलनेला. आता दोघीही पन्नाशीकडे आल्या होत्या आणि फरक म्हणावा तर दोघींचीही पाठ दुखत होती.

सहयोग सुरू झाला त्या दिवशी मोठे साहेब स्वतः तिच्या खोलीत आले होते. साहेब शास्त्रातून प्रशासनात आले होते आणि येताना शास्त्र तिकडेच ठेवून आले होते. दारातूनच म्हणाले,

"मॅडम, आलं! कंट्रोल आपल्याकडे आलं!"

"सर, प्रयोगातलं कंट्रोल तसं नाही. म्हणजे आपल्या शेतावर काहीच करायचं नाही. बाकीची पाच केंद्रं उपाय करणार, आपण तुलनेला."

"म्हणजे बाकीचे राबणार आणि आपण नुसतं बघणार?"

"हो. म्हणजे, तसंच."

"अहो, मग कंट्रोल याहून वेगळं काय असतं?"

याचं उत्तर पुढे जितकी वर्षं जात गेली तितकं सापडेनासं झालं. पंधरवड्यात शेताच्या फाटकावर पाटी लागली : आंतरराष्ट्रीय नियंत्रण केंद्र, परवानगीशिवाय प्रवेश नाही. तिने एकदा साहेबांना सुचवून पाहिलं, की 'तुलना क्षेत्र' म्हणता येईल. साहेब दुखावले. "मॅडम, मोठा शब्द आपणहून चालत आलाय, त्याला लहान का करता?" मग कापडी पिशव्या शिवून आल्या, गठ्ठ्याने, प्रत्येकीवर ठसठशीत लाल अक्षरांत कंट्रोल. पाहुण्यांना द्यायच्या होत्या. पाहुणे काही फारसे आले नाहीत, कारण बघायला काही नव्हतं. पिशव्या मात्र संस्थेत सगळीकडे झाल्या, पहारेकरी तीत डबा आणायचा, लेखनिक बाई तीत भाजी न्यायच्या, आणि फाटकावर तिला सलाम ठोकताना पहारेकरी म्हणायचा, "नियंत्रण मॅडम, आज आत कुणी गेलं नाही." कुणी जाणार नव्हतंच. आत काय होतं? मरणारा गहू होता, आणि तो मरताना कुणी मध्ये पडलेलं नाही याची खात्री करणारी ती होती.

घरी नवऱ्याने पिशवी बघितली आणि त्याला महिनाभर पुरेल एवढा विनोद मिळाला. तो औषधं विकत गावोगाव फिरायचा, विनोदाचा साठा त्याला लागायचाच. "सहा देशांवर हिचं कंट्रोल, आणि घरात टीव्हीचा रिमोट सापडत नाही." पण बाबांनी ती पिशवी मांडीवर घेतली होती आणि अक्षरांवरून बोट फिरवलं होतं. बाबा रेशनला कंट्रोल म्हणायच्या काळातले. आयुष्यभर त्यांनी स्वस्त धान्याच्या गोदामाच्या किल्ल्या सांभाळल्या होत्या. त्यांच्या तोंडी कंट्रोलचा गहू, कंट्रोलची साखर, कंट्रोलचं कापड. लहानपणी घरात तोच गहू यायचा. आई दुपारी जमिनीवर चादर पसरायची, त्यावर गहू ओतायची आणि ती, धाकटी आणि आई तिघी जणी निवडत बसायच्या : खडे, काड्या, मातीची ढेकळं, किडके दाणे. धाकटी दहा मिनिटांत पळायची, तिचा गाण्याचा वर्ग असायचा. थोरलीला निवडायला आवडायचं. बोटांखालून दाणा सरकताना चांगला कुठला आणि पोकळ कुठला हे न बघता कळायला लागायचं, आणि ते कळण्यात एक गुंगी होती. पुढे तिने वनस्पतिशास्त्रात जे काही केलं त्याचं मूळ बहुधा त्या चादरीवरच होतं, पण असं संशोधकाच्या परिचयात लिहीत नाहीत.

"चांगलं खातं मिळालं तुला," बाबा म्हणाले होते. "कंट्रोलमधला माणूस उपाशी राहत नाही."

"बाबा, हे ते कंट्रोल नाही."

"सगळी कंट्रोलं सारखीच गं. गहू तेवढा निवडून घ्यायचा. खडे फार असतात."

तिने एकदोनदा समजावलं, मग सोडून दिलं. नंतर नंतर बाबांचं विसरणं सुरू झालं, आणि ज्या थोड्या गोष्टी त्यांच्यात टिकून राहिल्या त्यांत लेक कंट्रोलमध्ये आहे, ही एक होती. ती काढून घेऊन त्या जागी सहा देशांचा सहयोग ठेवण्यात काय अर्थ होता? काही दिवस ते गोदामाच्या किल्ल्या शोधायचे. सापडल्या नाहीत की हिरमुसायचे, खिडकीशी बसायचे आणि संध्याकाळी ती परत आली की विचारायचे, "काय गं, माल आला का?" ती म्हणायची, "अजून नाही, बाबा." एका अर्थी ते खरंच होतं.

पडद्यावर आता आलेख आला होता. समन्वयक त्यावरून काठीसारखा एक बारीक बाण फिरवत होता. सहा केंद्रांच्या सहा रंगीत रेषा डावीकडे एकमेकींपासून बऱ्यापैकी लांब होत्या. सावलीवाल्याची सर्वांत वर, तिची करडी सर्वांत खाली. जसजशी उष्णता वाढत गेली तसतशा त्या सगळ्या खाली येत गेल्या, एकमेकींकडे झुकत गेल्या, आणि उजव्या कडेला एका दोरीचे पेड वळावेत तशा एकीत एक मिसळून गेल्या. "एका मर्यादेनंतर," समन्वयक हळुवारपणे म्हणाला, "कुठल्याच उपायाचा फरक उरत नाही. आणि ही मर्यादा आता दर दोन-तीन हंगामांनी ओलांडली जाणार आहे." कुणीतरी म्हणालं, आलेख फार सुरेख झालाय. खरंच सुरेख होता. सल्लावालीने विचारलं, हे रंग रंगांधळ्यांना दिसतील ना? त्यावर थोडी चर्चा झाली. करडी रेषा ती बघत राहिली. वर्षानुवर्षं ती तळाशी एकटी होती आणि आता बाकीच्या पाचही जणी तिच्याकडे राहायला आल्या होत्या.

या करड्या रेषेतला प्रत्येक बिंदू म्हणजे एक उन्हाळा होता. शेताच्या कडेने पाट वाहायचा. पाटाला पाणी असायचं; शेजारच्या तुकड्यांसाठी ते वळवलं जायचं, त्याचा गार वास यायचा, आणि मधल्या बांधाच्या अलीकडे तिचा गहू ऐन दाणे भरताना, दुधात असतानाच, पांढरा पडत जायचा. पाने वळायची, ओंब्यांची कुसळं ताठ व्हायची, आणि दुपारी वारा आला की अख्खं शेत कागदासारखं वाजायचं. नियम असा होता, की तिने तापमान बघावं, पानांचा रंग बघावा, दाणा दाबून बघावा आणि पाटाचं पाणी अडवणाऱ्या फळीला हात लावू नये. फळी तिच्या गुडघ्याएवढी होती. एका हाताने वर आली असती. पहिल्या वर्षी ती तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली होती. कुणी बघत नव्हतं, आणि तिने हात लावला नाही. त्याच वर्षी आई रुग्णालयात होती आणि डॉक्टर म्हणाले होते, आता करण्यासारखं काही नाही, फक्त लक्ष ठेवा. लक्ष ठेवण्यात ती तोवर तरबेज झाली होती. आईचे ओठ सुकलेले दिसले की ती कापसाचा ओला बोळा फिरवायची, आणि तेवढ्यानेही आपण काहीतरी नियम मोडतो आहोत असं तिला उगाच वाटायचं. आई गेली तेव्हा धाकटी विमानात होती. लोक म्हणाले, थोरलीने सगळं केलं. तिला ठाऊक होतं की तिने काही केलं नव्हतं, ती फक्त तिथे होती.

पण दुसऱ्या उन्हाळ्यात तिला ती रोपं दिसली. मेलेल्या शेतात दहा-पंधरा ओंब्या, इथे एक, तिथे एक, अजून हिरवट. आधी वाटलं, खाली कुठेतरी ओल असेल. नव्हती. तिने एक दाणा सोलून दाताखाली धरला. भरलेला होता. बाकीच्या पाच केंद्रांवर असं काही दिसण्याची शक्यताच नव्हती, कारण तिथे दुबळ्यांनाही सावली होती, पाणी होतं, सल्ला होता; सगळेच थोडेथोडे जगत होते आणि मर्यादा आली की सगळेच मरत होते. इथे कुणालाच काही मिळालं नव्हतं, म्हणून कोण कशाचं आहे ते उघड झालं होतं. तिने त्या ओंब्या खुडून पदराच्या... पदर नव्हता, ती सदऱ्याच्या खिशात टाकून घरी आली, आणि पुढच्या हंगामात शेताच्या कडेच्या ओळींत, ज्या मोजणीत धरतच नाहीत, ते दाणे टोकून पेरले. त्यातले पुन्हा जगले ते निवडले. पुन्हा पेरले. साहेबांना सांगितलं नाही, सहयोगालाही नाही. काही न करण्यासाठी नेमलेल्या माणसाने काही करणं म्हणजे प्रयोग बिघडवणं, आणि कडेच्या ओळी प्रयोगात नाहीत हे जरी खरं असलं तरी खुलासे करण्याचा तिला कंटाळा होता. हंगामामागून हंगाम मूठभराचे ओंजळभर झाले, ओंजळीची एक पिशवी. लाल अक्षरांची. संस्थेत दुसऱ्या पिशव्याच नव्हत्या. थंड खोलीतल्या शेवटच्या फळीवर ती पिशवी असायची, आणि आठवड्यातून एकदा ती उगाच तिथे जायची, पिशवीत हात घालायची, दाणे बोटांमधून सोडायची. गार, जड, गुळगुळीत. या एका गोष्टीबद्दल तिला आशा होती, आणि आशेबद्दल ती कुणाशी बोलत नसे, जसं घरातल्या म्हाताऱ्या माणसाची तब्येत सुधारतेय असं मोठ्याने म्हणत नाहीत.

काल संध्याकाळी भांडारपालाने तिला गाठलं. "मॅडम, फळी रिकामी करा. सहयोग संपला, थंडी पण संपली. उद्यापासून खोली बंद."

"एक पिशवी ठेवू दे की."

"ठेवा की. पण गरम होईल. आणि उंदीर आहेत. ते तुमचं कंट्रोल मानत नाहीत."

शेत तर पेरणी नसल्यामुळे आधीच सपाट झालं होतं, तिथे गाड्या लावायची सोय होणार होती. जे काही होतं ते त्या पिशवीत होतं. तिने ती घरी आणली. फ्रिजमध्ये नवऱ्याच्या औषधांचे नमुने होते, म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, भिंतीच्या गार बाजूला ठेवली. सकाळी निघायच्या घाईत पायात चप्पल सरकवत असताना बाबा ओट्यापाशी वाकून बघत होते.

"हे काय आणलंस?"

"कंट्रोलचा गहू आहे, बाबा."

बाबांचा चेहरा उजळला. कितीतरी महिन्यांत तिने तो तसा बघितला नव्हता. "आला? आला का माल?"

"हो. आला."

"निवडलेला आहे का?"

"सात वर्षं निवडतेय, बाबा," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच उत्तरावर खूश होऊन जिना उतरली.

"काही प्रश्न?" समन्वयक विचारत होता. विचारताना त्याने समोरचे कागद एकत्र करून टेबलावर आपटून सारखे केले, म्हणजे प्रश्न नकोत. दुसऱ्या टप्प्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. खरं म्हणजे पहिल्या टप्प्यानंतर तुलनेच्या केंद्राला सर्वांत आधी उपाय मिळतील असं तिला कबूल केलेलं होतं, पण उपायच उरले नव्हते, तेव्हा ते वचन आपोआप निकालात निघालं होतं. जीभ पुन्हा त्या खड्याकडे गेली. काहीही न केल्याबद्दल. आणि तिचा हात वर गेलेला तिने पडद्यावरच्या छोट्या चौकटीत पाहिला. बावळट दिसत होता, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलीसारखा.

"मॅडम, कशाला?" साहेब पुटपुटले. "संपतंय ना छान?"

"मी काहीच केलं नाही हे खरं नाही," ती पडद्याला म्हणाली. "मी निवडत होते."

मग तिने सगळं सांगितलं. कडेच्या ओळी, हिरवट ओंब्या, मर्यादेच्या पलीकडेही भरलेला दाणा. बोलताना तिचा आवाज तिला परका वाटत होता, कोरडा, त्या शेतासारखा वाजणारा. ती थांबली तेव्हा चौकटींतले चेहरे हलत नव्हते. आवाज पुन्हा गेला असणार, तिला वाटलं. आणि एक विचित्र सुटका वाटली. पण तेवढ्यात पेंढेवालीच्या मागे बसलेल्या पांढऱ्या केसांच्या म्हातारीने चष्मा कपाळावर चढवला. ही त्या केंद्राची जुनी बीजतज्ज्ञ. इतक्या सभांमध्ये ती एकदाही बोलली नव्हती, ती झोपते असा सर्वांचा समज होता.

"किती वर्षं निवडलंत?"

तिने सांगितलं.

"आणि कडेच्या ओळींना पाणी?"

"थेंबही नाही."

म्हातारी बाकीच्यांकडे वळली. "आपण सगळ्यांनी गव्हाला वाचवलं," ती म्हणाली. "त्यामुळे आपल्या हाती काही लागलं नाही. या बाईंनी त्याला मरू दिलं, आणि जो मेला नाही तो उचलला. दुसरा टप्पा करायचा असेल तर मी याच बियाणावर करीन. नाहीतर करूच नका, घरी बसा." समन्वयकाने कागद पुन्हा पसरले. पाणीवाला म्हणाला, मला दोन मुठी पाठवा. घाईवाल्याने तर याच आठवड्यात पाठवा म्हणून सांगितलं. सावलीवाल्याने विचारलं, बी सुरक्षित आहे ना?

"हो. घरी आहे."

सगळे हसले. "सर्वांत सुरक्षित जागा," सावलीवाला म्हणाला, आणि साहेबांनी तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पडद्याला सांगितलं, की हे सर्व पहिल्यापासून आमच्या नियंत्रणाखालीच चाललं होतं.

बाहेर पडल्यावर तिने बस सोडून दिली आणि चालत निघाली. ऊन उतरलेलं नव्हतं. रस्त्याकडेच्या झाडांवर धूळ इतकी बसली होती की पानं सिमेंटची वाटत होती. एका मोटारींच्या दुकानासमोर एक माणूस नळीने फरशी धूत होता आणि पाणी रस्त्यावर येऊन वाफ होऊन जात होतं. रोज हे दिसलं की ती रस्ता ओलांडून पलीकडून जायची. आज तिने त्या ओल्या फरशीवरून मुद्दाम चालून पाहिलं. आशा तिच्या सवयीची नव्हती. चुकून दुसऱ्याची चप्पल पायात घालून निघावं तशी ती चालत होती, जरा जपून, कुणी ओळखेल म्हणून. सहा मुठी पाठवल्या तरी पिशवी जवळजवळ भरलेली राहील. पुड्या करायच्या. प्रत्येक पुडीला नाव हवं, वाणाला नाव हवं. आईचं द्यावं का? पण वाचवण्याचा प्रयत्न न होताच आई गेली होती, तेव्हा तिचं नाव या गव्हाला शोभेल का, की फारच शोभेल? मग वाटलं, बाबांना विचारावं. त्यांना काय कळणार, पण विचारावं. ते नावाऐवजी भाव सांगतील. तिला एकटीलाच हसू आलं, आणि समोरून येणाऱ्या बाईने तिच्याकडे वळून पाहिलं.

जिन्यातच वास आला. ऊबदार, गोडसर, किंचित भाजल्यासारखा. लहानपणच्या दुपारचा वास. तो कशाचा हे तिच्या नाकाला कळलं होतं, पण तिने दोन जिने चढेपर्यंत ते स्वतःपर्यंत पोचू दिलं नाही. दार उघडंच होतं. नवरा दौऱ्यावरून दुपारीच आला होता, त्याची बॅग दाराशी पडली होती. स्वयंपाकघरात टेबलापाशी बाबा बसले होते, भुवया पांढऱ्या, सदऱ्याच्या बाह्या पांढऱ्या, आणि त्यांच्यासमोर मोठा पत्र्याचा डबा. खुर्चीच्या पाठीवर पिशवी वाळत टाकल्यासारखी लोंबत होती, आतली बाजू बाहेर, त्यामुळे लाल अक्षरं उलटी दिसत होती.

"आलीस? ये," बाबा म्हणाले. "तुझा कंट्रोलचा गहू दळून आणला."

"बाबा सकाळपासून वाट बघत बसले होते," नवरा ओट्यापाशी चहा गाळत म्हणाला. "मी आलो तर मला बसूही देईनात. जावईबापू, माल आलाय, गिरणी बंद व्हायच्या आत जाऊन या. अगं, कितीतरी दिवसांनी इतकं नीट बोलले. म्हटलं, नेतो. कुठला गहू आणलास? दाणा जबरदस्त होता."

"निवडायला बसणार होतो," बाबा म्हणाले. "पण तूच म्हणालीस ना, निवडलेला आहे म्हणून. मग म्हटलं, तसाच दळा. एक खडा नव्हता. कंट्रोलच्या गव्हात एक खडा नाही! माझ्या उभ्या नोकरीत असं झालं नाही."

तिने पिशवी घेतली, शिवणींमध्ये बोट घालून सगळीकडून चाचपली.

"त्यात काही नाही राहिलं," बाबा हसत म्हणाले. "मी झटकून घेतली. एक दाणा वाया जाऊ दिला नाही."

त्यांचा चेहरा तसाच होता, सकाळसारखा. त्यांनी डबा तिच्याकडे सरकवला. ती खुर्चीवर बसली. नवऱ्याने तिच्यासमोर चहा ठेवला आणि विचारलं, सभा कशी झाली? ती म्हणाली, चांगली झाली. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते, शाबासकीची वाट बघत असल्यासारखे, म्हणून तिने डब्यात हात घातला, थोडं पीठ चिमटीत घेतलं आणि अंगठ्याने बोटांवर चोळून पाहिलं.

पीठ जरा जाडसर आलं होतं.